अवमान नेमका कोणाचा? मालमत्ता-विवादातील न्यायालयीन आदेश आणि शासकीय अवज्ञा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

आपल्याकडे दिवाणी दाव्याचा निकाल लागला म्हणजे वाद संपला, असे मानण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात हुकूमनामा हाती पडल्यानंतरच पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात, असे निरीक्षण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदविले होते. त्यानंतर दीडशे वर्षे उलटली, राज्यकर्ते बदलले, संविधान आले. परंतु त्या निरीक्षणाची सत्यता उणावलेली नाही. हुकूमनाम्याचा ऋणको जेव्हा शासन स्वतःच असते, तेव्हा तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. सामान्य ऋणकोच्या दारी बेलीफ जातो आणि त्याच्या मागे शासनाचे बळ उभे असते. शासनाच्याच दारी बेलीफ गेला, तर त्याच्या मागे कोण उभे राहणार?

या प्रश्नाला आपल्या विधिव्यवस्थेने दिलेले अखेरचे उत्तर म्हणजे न्यायालयाचा अवमान. पैनगंगेवरील पेनटाकळी प्रकल्पापासून ते समृद्धी महामार्गापर्यंत अनेक सार्वजनिक कामांसाठी मेहकर परिसरातील जमिनी संपादित झाल्या आहेत. त्यामुळे 'निवाडा', 'वाढीव मोबदला', 'दरखास्त' आणि 'अवमान याचिका' हे शब्द येथील शेतकऱ्याला वकिलाइतकेच परिचित आहेत. 'आता अवमान याचिका टाकू' या वाक्यात त्याची अंतिम आशा सामावलेली असते. ही आशा कितपत साधार आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. शासनाविरुद्धच्या मालमत्ता-विवादात अवमानाचा कायदा अपुरा पडतो, याचे कारण केवळ त्याची ढिली अंमलबजावणी नाही. या कायद्याच्या केंद्रस्थानी न्यायालयाची प्रतिष्ठा आहे. आदेश ज्याच्या बाजूने झाला त्या नागरिकाची जमीन नाही. हे प्रतिपादन पुढे क्रमाने तपासले आहे.

कायद्याच्या केंद्रस्थानी कोण?

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ ने अवमानाचे दिवाणी आणि फौजदारी असे दोन प्रकार मानले आहेत. न्यायालयाचा निर्णय, हुकूमनामा, निदेश वा आदेश यांची बुद्धिपुरस्सर अवज्ञा करणे, तसेच न्यायालयाला दिलेल्या हमीचा बुद्धिपुरस्सर भंग करणे, हा दिवाणी अवमान होय. आपल्या विषयाचा संबंध मुख्यतः या पहिल्या प्रकाराशी येतो. कलम १२ नुसार कमाल शिक्षा सहा महिन्यांचा साधा कारावास किंवा दोन हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी आहे. ही दंडमर्यादा १९७१ मध्ये नव्याने ठरविलेली नाही. १९२६ च्या अधिनियमातही ती दोन हजारच होती. जवळपास एका शतकात जमिनीचे भाव कोठल्या कोठे गेले, परंतु आदेश मोडण्याची किंमत जागची हललेली नाही.

दंडाच्या रकमेपेक्षाही या कायद्याची रचना अधिक बोलकी आहे. कलम १९ अन्वये अपिलाचा हक्क मिळतो, तो अवमानासाठी शिक्षा करणाऱ्या आदेशाविरुद्ध. उच्च न्यायालयाने शिक्षा करण्यास नकार दिला, तर याचिकाकर्त्याला असा हक्क नाही. त्याच्यासमोर फक्त अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमतीची अनिश्चित वाट उरते. यामागील विचारसरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७४ आणि १९८८ मधील निर्णयांत स्पष्ट केली आहे. अवमान ही न्यायालय आणि अवमानकर्ता यांच्यातील बाब आहे. तक्रारदार फार तर अवज्ञेची वार्ता न्यायालयाच्या कानी घालणारा ठरतो. विधिशास्त्रदृष्ट्या ही भूमिका सुसंगत आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि तिचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याची जमीन गेली तो माणूस आपल्याच प्रकरणात केवळ वर्दी देणारा उरतो.

क्षमायाचनेची तरतूदही याच दिशेने जाते. आरोपीने न्यायालयाचे समाधान होईल अशी क्षमा मागितली, तर त्याला मुक्त करता येते किंवा शिक्षा माफ करता येते. क्षमा न्यायालयाची मागायची असते आणि समाधानही न्यायालयाचेच व्हायचे असते. सातबाऱ्यावरील नाव दुरुस्त झाले की नाही, मोबदल्याची रक्कम जमा झाली की नाही, हे विवेकी न्यायाधीश विचारतातच. परंतु ते विचारण्याचे बंधन अधिनियमाने त्यांच्यावर घातलेले नाही.

यात कलम २० मधील एका वर्षाच्या मुदतीची भर पडते. शासकीय कार्यालयात 'फाईल वर पाठविली आहे' या एका उत्तरावर वर्ष सहज निघून जाते. कार्यालयावर विश्वास ठेवून थांबलेला शेतकरी या मुदतीच्या बाहेर फेकला जातो. पहिल्याच महिन्यात भांडायला उभा राहणारा मात्र मुदतीत बसतो. सौजन्याने थांबणाऱ्याला शासन करणारी ही तरतूद आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मालमत्ता-विवादाचे वेगळेपण

सेवाविषयक वादात आदेश मोडला गेला, तर संबंधित विभाग आणि अधिकारी बहुधा निश्चित असतात. भूसंपादनाच्या प्रकरणात तसे नसते. निवाडा भूसंपादन अधिकारी जाहीर करतो, ताबा संपादक यंत्रणा घेते, पैसा पाटबंधारे विकास महामंडळासारख्या संस्थेकडून यावयाचा असतो, मंजुरी मंत्रालयातील विभागाची लागते आणि फेरफाराची नोंद तलाठी व मंडळ अधिकाऱ्याकडे असते. न्यायालयाने विचारणा केली की यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि प्रत्येकाचे म्हणणे कागदोपत्री खरेही असते. 'बुद्धिपुरस्सर' अवज्ञा सिद्ध करण्यासाठी कोणा एकाची बुद्धी सापडावी लागते. येथे तर ती पाच टेबलांवर वाटली गेलेली असते. अधिनियमाने निगम-निकायाच्या बाबतीत कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती होती त्याला जबाबदार धरण्याची तरतूद कलम १२ मध्येच केली आहे. शासनाच्या खात्यासाठी तशी सुस्पष्ट तरतूद तेथे आढळत नाही.

दुसरी अडचण अवमान आणि अंमलबजावणी यांच्यातील सीमारेषेची आहे. अवमानाची अधिकारिता हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावले आहे. मूळ आदेशाच्या चार सीमांपलीकडे अवमान न्यायालयाला जाता येत नाही, हेही २०१४ मधील सुधीर वासुदेव प्रकरणात स्पष्ट झाले आहे. शासनाने आदेशानुसार काहीतरी निर्णय घेतला आणि तो चुकीचा असला, तर त्यातून नवे वादकारण निर्माण होते, असा दंडक १९९६ च्या परिहार प्रकरणापासून रूढ आहे. 'अर्जावर विचार करावा' असा आदेश झाला की अर्ज विचारपूर्वक फेटाळता येतो. आदेशाचे पालन होते, अवमान टळतो आणि शेतकरी पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

तेव्हा मार्ग उरतो दरखास्तीचा. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हुकूमनामा झाल्यावरही कलम ८२ नुसार तो तीन महिने अपूर्ण राहिल्याशिवाय त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. त्यानंतर जप्तीचे अधिपत्र निघते. जिल्हाधिकारी कार्यालयातील खुर्च्या, संगणक किंवा शासकीय वाहन जप्त करण्यासाठी बेलीफ पोहोचल्याच्या बातम्या विदर्भ-मराठवाड्यातील वर्तमानपत्रांत नित्याच्या झाल्या आहेत. त्या वाचून क्षणभर समाधान वाटते. परंतु ज्या खुर्चीवर बसून विलंब झाला ती खुर्ची जप्त होते. विलंब करणारा अधिकारी तोवर बदलून गेलेला असतो.

या विलंबाचा भार कोण सोसतो, हेही पाहण्यासारखे आहे. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमात न्यायालयाने वाढविलेल्या मोबदल्यावर पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि पुढे पंधरा टक्के व्याजाची तरतूद होती. २०१३ च्या अधिनियमानेही हेच दर कायम ठेवले. हे व्याज शेतकऱ्याला मिळते हे योग्यच आहे. परंतु ते सार्वजनिक तिजोरीतून जाते. फाईल अडविणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागत नाही. किंबहुना, यंदाच्या तरतुदीतून पैसे देण्यापेक्षा अपील दाखल करून प्रश्न पुढच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीवर ढकलणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते.

सर्वोच्च न्यायालयापुढे २०२५ मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार देशातील दिवाणी न्यायालयांत ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता. यांतील सर्वच दरखास्ती शासनाविरुद्धच्या नाहीत. तथापि निकाल आणि न्याय यांच्यामधील दरी किती रुंद आहे, याची कल्पना येण्यास हा आकडा पुरेसा आहे.

पाषाणच्या जमिनीचे प्रकरण

या सर्व मर्यादा एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील, तर पुण्यातील पाषाण येथील जमिनीचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास एका कुटुंबाने विकत घेतलेली सुमारे २४ एकर ३८ गुंठे जमीन शासनाने ताब्यात घेतली आणि पुढे ती संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेकडे गेली. कुटुंबाने दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो जिंकला. जमीन परत देणे शक्य नसल्याने शासनाने पर्यायी जमीन दिली. परंतु ती अधिसूचित वनजमीन निघाली. म्हणजे शासनाने एकाची जमीन घेतली आणि त्या बदल्यात जी देण्याचा आपल्याला अधिकारच नव्हता ती देऊ केली.

२०२४ मध्ये हे प्रकरण गोदावर्मन प्रकरणातील अर्जाच्या रूपाने न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठापुढे आले. शासनाने सुमारे ३७ कोटी रुपयांचा मोबदला देऊ केला. अर्जदाराचा हिशेब त्याच्या कितीतरी पटींनी अधिक होता. लोकप्रिय योजनांसाठी शासनाकडे पैसा आहे, मात्र ज्याची जमीन बेकायदा घेतली त्याला देण्यासाठी नाही, या विसंगतीवर न्यायालयाने कठोर शब्दांत बोट ठेवले. प्रसंगी 'लाडकी बहीण' सारखी योजना थांबविण्याचा इशाराही दिला. या इशाऱ्याला वर्तमानपत्रांत मथळ्याचे स्थान मिळाले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा क्षण त्यानंतरचा आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने राज्याच्या महसूल व वन विभागाच्या अपर मुख्य सचिवांना अवमानाची नोटीस बजावली. ती कशासाठी? मोबदल्याची आकडेमोड अर्जदाराला आणि न्यायालयाला मान्य होणार नाही, मात्र कायद्याचे पालन करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, अशा आशयाचे विधान शपथपत्रात होते. न्यायालयाला जणू कायद्याचे पालन नको आहे, असा त्याचा ध्वनी निघत होता. सप्टेंबरमध्ये संबंधित अधिकाऱ्यांनी क्षमा मागितली. दरम्यान शासनाने पुण्याजवळच पर्यायी जमीन देण्याची तयारी दाखविली.

न्यायालयाची नाराजी अनाठायी होती, असे येथे सुचवावयाचे नाही. पीठाने शासनाला हलविले आणि कुटुंबाला जमिनीच्या जवळ नेले, हे निर्विवाद आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जमीन हिरावली गेल्याला सहा दशके होत आली होती. या काळात निकाल झाले, सदोष पर्याय दिला गेला, पिढ्या सरल्या. अवमानाची नोटीस मात्र निघाली ती शपथपत्रातील एका वाक्यावरून. न्यायालयाच्या मानाला धक्का लागताच काही आठवड्यांत क्षमायाचना झाली. नागरिकाच्या मालमत्तेला लागलेल्या धक्क्याची दखल घेण्यास दोन पिढ्या लागल्या. हा दोष कोणा एका पीठाचा नाही. जे साधन त्याच्या हाती आहे त्याची धारच त्या दिशेला लावलेली आहे.

शिक्षेचे दाखले आणि त्यांची मर्यादा

शासन अवमानाच्या कक्षेबाहेर आहे, असे आपल्या न्यायालयांनी कधीही मानलेले नाही. बिहार राज्य विरुद्ध राणी सोनाबती कुमारी या १९६१ च्या अहवालांत समाविष्ट असलेल्या निर्णयात, जमीनदारीच्या मालमत्तेविषयी दिलेला मनाई हुकूम राज्यावरही बंधनकारक आहे आणि त्याच्या भंगासाठी राज्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. राजा चूक करू शकत नाही, हे तत्त्व प्रजासत्ताकात लागू नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ.

व्यक्तींनाही शिक्षा झाल्या आहेत. अयोध्येतील परिसरात कायमस्वरूपी बांधकाम होऊ न देण्याविषयीच्या आदेशाचे पालन न झाल्याबद्दल उत्तर प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री कल्याणसिंह यांना ऑक्टोबर १९९४ मध्ये एक दिवसाचा प्रतीकात्मक कारावास आणि दोन हजार रुपये दंड झाला. महाराष्ट्रात, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध आरा गिरण्यांना परवानगी दिल्याबद्दल तत्कालीन मंत्री स्वरूपसिंह नाईक आणि वन विभागाचे प्रधान सचिव यांना मे २००६ मध्ये प्रत्येकी एक महिन्याच्या कारावासाची शिक्षा झाली. पदावरील मंत्र्याला अशी शिक्षा होणे ही असामान्य घटना होती आणि तिचा नैतिक परिणाम मोठा होता. परंतु या प्रकरणांतून कायद्याची प्रतिष्ठा सांभाळली गेली. एखाद्या वंचित खातेदाराची एक गुंठा जमीन परत मिळण्याचा प्रश्न तेथे नव्हता.

याउलट ठाणे तालुक्यातील शिरवणे येथील जमिनींचे प्रकरण पाहावे. १९६४ मध्ये संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली, प्रक्रिया पूर्ण झाली नाही, जमीन मात्र गेली. मोबदल्यापासून वंचित राहिलेल्या निरक्षर शेतकऱ्यांची याचिका विलंबाच्या कारणावरून उच्च न्यायालयात फेटाळली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०१२ रोजी विलंबाचा बचाव नाकारला आणि ठरावीक आठवड्यांत नवी अधिसूचना काढून त्यानुसार मोबदला देण्याचा आदेश दिला. येथे कोणी तुरुंगात गेले नाही. परंतु आदेश कोणी, काय आणि केव्हापर्यंत करावयाचे हे सांगणारा होता. मालमत्ता-विवादात धाकापेक्षा नेमकेपणा अधिक उपयोगी ठरतो, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

प्रतिपक्षाचा विचार

अवमानाच्या कठोर वापराविरुद्ध शासनपक्षाचे काही आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला, प्रत्येक अपालन हेतुपुरस्सर नसते. निधीची तरतूद विधिमंडळाच्या मंजुरीवर अवलंबून असते, तिसऱ्या पक्षाचे हक्क निर्माण झालेले असतात, कधी आदेशच संदिग्ध असतो. दुसरा, वरिष्ठ अधिकाऱ्यांना वारंवार न्यायालयात बोलाविल्याने प्रशासन खोळंबते. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील प्रकरणात या आक्षेपाची दखल घेऊन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीबाबत कार्यपद्धती घालून दिली. उपस्थिती अपवादात्मक असावी, शक्य तेथे दूरदृश्य माध्यमाचा वापर व्हावा आणि अवमानाची अधिकारिता संयमाने वापरावी, असे तिचे सूत्र आहे.

हा संयम स्वागतार्ह आहे. मात्र तो एकतर्फी राहता कामा नये. अधिकाऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये म्हणून जशी कार्यपद्धती झाली, तशी शेतकऱ्याला तीच पायरी पुन:पुन्हा चढावी लागू नये म्हणून कोठे आहे? दुय्यम न्यायालयाला अवमानाची शिक्षा स्वतः करता येत नाही. तो अधिकार उच्च न्यायालयाचा. मनाई हुकूम मोडल्यास संहितेतील आदेश ३९ चा उपाय तालुक्याच्या न्यायालयात आहे खरा, परंतु इतर अवज्ञांसाठी मेहकरच्या खातेदाराला अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील नागपूर खंडपीठ गाठावे लागते. सचिवाच्या एका दिवसाची किंमत जर मोजली जात असेल, तर त्याच्या दिवसाचीही मोजली गेली पाहिजे.

नवे वळण

अलीकडच्या दोन निर्णयांत मात्र वेगळ्या दिशेची चिन्हे दिसतात. बांधकामे पाडण्यासंबंधी १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने किमान पंधरा दिवसांची नोटीस आवश्यक ठरविली. निदेशांचा भंग झाल्यास अवमानाच्या कारवाईखेरीज, पाडलेली मालमत्ता स्वखर्चाने पूर्ववत करून देण्याची आणि नुकसानभरपाईची जबाबदारी संबंधित अधिकाऱ्यांवर टाकली. मे २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाचा आदेश असतानाही गुंटूर येथील झोपड्या हटविणाऱ्या आंध्र प्रदेशातील एका उपजिल्हाधिकाऱ्याला न्यायालयाने तहसीलदार पदावर आणले आणि एक लाख रुपयांचा दंड केला. पहिल्या निर्णयात परिणाम अधिकाऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतो, दुसऱ्यात त्याच्या सेवापुस्तिकेपर्यंत. दोन हजार रुपयांच्या दंडाला जे जमत नव्हते ते येथे साधण्याचा प्रयत्न आहे.

तथापि निर्णय होणे आणि तो तालुक्याच्या टेबलापर्यंत पोहोचणे यांतील अंतर कायम आहे. मार्च २०२५ मध्ये नागपूर येथे झालेल्या पाडकामानंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांची माहिती आपल्या अधिकाऱ्यांना नव्हती, असे सांगत महानगरपालिकेच्या वतीने उच्च न्यायालयाची क्षमा मागण्यात आली. कायद्याचे अज्ञान नागरिकासाठी सबब ठरत नाही. प्रशासनासाठी ते शपथपत्राचा मजकूर होऊ शकते, ही विसंगती चिंतनीय आहे.

समारोप

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून काढून अनुच्छेद ३००-क मध्ये नेला. तो दुबळा झाला, अशी समजूत त्यातून रुजली. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदात नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी मोबदला, कार्यक्षम प्रक्रिया आणि प्रक्रियेची परिपूर्ती असे सात उपहक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले. शेवटचे दोन उपहक्क येथे विशेष महत्त्वाचे आहेत. वेळेत आणि पूर्णत्वाने पार पडणारी प्रक्रिया हा जर हक्कच असेल, तर आदेशाचे पालन हा केवळ न्यायालयाच्या मानाचा प्रश्न उरत नाही; तो नागरिकाच्या संवैधानिक हक्काचा प्रश्न होतो.

या दृष्टीने तीन बदल आवश्यक वाटतात. मालमत्ता-विवादातील प्रत्येक अंतिम आदेशात पालनासाठी जबाबदार असलेले पद, करावयाची कृती आणि मुदत यांचा नेमका उल्लेख असावा. विलंबामुळे शासनाला द्याव्या लागलेल्या व्याजाची चौकशी होऊन, निष्कारण विलंब केलेल्या अधिकाऱ्याकडून त्याचा अंश वसूल व्हावा आणि सेवा-अभिलेखात नोंद व्हावी. क्षमायाचना स्वीकारण्यापूर्वी, मूळ आदेशाचे पालन झाल्याचा पुरावा सादर करणे अधिनियमातच बंधनकारक करावे. यांतील एकाही बदलासाठी शिक्षेची मुदत वाढविण्याची गरज नाही.

न्यायालयाचा मान राखला गेलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु तो मान न्यायासनाभोवती वेगळा साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. खातेदाराच्या सातबाऱ्यावर, त्याच्या बँक खात्यात, त्याच्या बांधावर आदेश उतरतो तेव्हाच न्यायालयाचा मान राहतो. अधिकाऱ्याने क्षमा मागितली आणि जमीन मात्र मिळाली नाही, तर अवमान संपला असे कायदा भले म्हणो. बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या लेखी तो चालूच असतो.